पोशाख पाण्यासाठी, हवेसाठी नाही

५ ऑगस्ट
नाव आली. बंद पडलेल्या एका बोट क्लबची. फायबरची, दोन माणसांची, शिडाची. इंग्रजीत डिंगी. टेम्पोतून थेट आप्पांच्या शेतात उतरवली, कारण त्यांचं शेत माजलगाव धरणाच्या फुगवट्याला लागून आहे आणि तेलगावात माझ्या घरी पाणी फक्त नळाला, तेही चार दिवसांनी.

आप्पा म्हणजे माझे सासरे, वय शहात्तर. त्यांची थोरली बहीण छबुबाई बरोबर समोरच्या काठावर राहते. पाण्यावरून दीड किलोमीटर. रस्त्यानं वळसा घालून अठ्ठेचाळीस, दोन जीप आणि एक एसटी. आप्पांचे गुडघे जीपमध्ये दुमडत नाहीत आणि छबुआत्यांना गाडी लागते. दोन वर्षं भाऊबहिणीची भेट नाही. मी सगळ्यांसमोर शब्द दिला : राखी पौर्णिमेला आप्पांना शिडाच्या नावेतून नेणार. आप्पा म्हणाले, जावयाचा शब्द म्हंजी झालंच की मग. त्यांचा विश्वास पाहून भरून आलं.

७ ऑगस्ट
दोन दिवस वाचन. नौकानयनाचा पहिला नियम : पोशाख पाण्याच्या तापमानाप्रमाणे करावा, हवेच्या नाही. एकोणीस वर्षं कॉलेजात भूगोल शिकवतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं. निर्णय : पोशाख आधी, शीड नंतर. शिडाची पेटी उघडलेली नाही.

मेहुणा अजिनाथ म्हणाला, दाजी, आधी चालवायला तर शिका. शिस्त नसलेला माणूस.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं : मी पाण्याला भितो म्हणून कपड्यांचा विषय काढतोय का? दहा मिनिटं विचार केला. नाही.

१३ ऑगस्ट
पाण्याचं तापमान घेतलं. घरचा तापाचा थर्मामीटर काही दाखवेना. बायको, सुरेखा, म्हणाली, धरणाला ताप न्हाई, आता तो डेटॉलनं धुऊन ठेवा. कॉलेजच्या लॅबमधून मोठा आणला. अठ्ठावीस.

वेबसाइटवरचा तक्ता असा : दहाच्या खाली ड्रायसूट, म्हणजे आत थेंबही न येणारा. दहा ते पंधरा, पाच मिलिमीटर जाडीचा वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून बसणारा रबरी पोशाख. पंधरा ते वीस, तीन मिलिमीटरचा. वीसच्या वर, हाफ पँट आणि टी-शर्ट.

म्हणजे तक्ता चुकीचा आहे. तो थंड देशातल्या माणसांनी स्वतःसाठी केलेला. आपल्याकडे जानेवारीत लोक कानाला मफलर बांधून डॉक्टरकडे जातात. मी दहा अंशांची वजावट ठरवली. नाव : मराठवाडा दुरुस्ती. अठ्ठावीस वजा दहा, अठरा. तीन मिलिमीटरचा सूट मागवला.

३० ऑगस्ट, राखी पौर्णिमा
आप्पा सकाळी सातला तयार. धुतलेलं धोतर, फेटा, पिशवीत बहिणीसाठी लुगडं.

वेटसूट घालताना पायात प्लॅस्टिकची पिशवी चढवावी, म्हणजे पाय सरकतो, असं वाचलं होतं. सरकला. बाकीचा मी सरकलो नाही. चेन पाठीमागे असते. ती अजिनाथनं पाठीत गुडघा रोवून ओढली. पन्नास मिनिटं लागली. काठापर्यंत चालत गेलो. सूट आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर हवा, तरच ऊब टिकते. तो मी पाण्यात न उतरताच तयार केला. मग डोळ्यांपुढे अंधारी.

बाभळीखाली आडवा. आप्पांनी फेट्यानं वारा घातला, सुरेखानं मीठसाखरेचं पाणी पाजलं. चेन वर गेली होती तशी खाली येईना. दुपारपर्यंत आलो बाहेर.

शास्त्रीय निष्कर्ष : ऊब देण्याच्या बाबतीत सूट उत्तम.

१ सप्टेंबर
छबुआत्यांची राखी पंडित जीपवाल्याबरोबर आली. सुरेखानं आप्पांना बांधली. ते बराच वेळ पलीकडं बघत होते. नंतर म्हणाले, दिवाळी काय लांब न्हाई.

सिदू नावाचा मासेमार काठावर असतो. थर्माकोलच्या तराफ्यावर फिरतो. तो आप्पांना म्हणाला, बसा म्हाताऱ्याबुवा, बिडी वडूस्तोवर नेतो. मी हरकत घेतली. त्याच्या अंगात फाटका बनियन. एकही थर नाही. आप्पा मला म्हणाले, न्हाई न्हाई, तुमी शब्द दिलाय, म्या कशाला दुसऱ्याच्या तराफ्यावर बसू.

मला खूप बरं वाटलं.

२२ ऑक्टोबर
दोन ऋतूंमधला काळ सर्वांत फसवा. सकाळी गार, दुपारी गरम. एक सूट पुरत नाही, थर लागतात. आत अंगाला घट्ट बसणारा रॅश व्हेस्ट, त्यावर बिनबाह्यांचा लाँग जॉन, त्यावर वारा अडवणारा स्प्रे टॉप. सगळं मागवलं. सुरेखा म्हणाली की तिच्या लग्नातही एवढे कपडे घेतले नव्हते. हे खरं आहे. पण तेव्हा पाण्यात जायचं नव्हतं.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज
पाणी पंचवीस. दुरुस्तीनंतर पंधरा. पंधरा हा आकडा तक्त्यात दोन ओळींत येतो. तळटीप : शंका आल्यास जाड घ्यावा. तीनही थर घातले. या वेळी बत्तीस मिनिटं. प्रगती.

आप्पा आधीच नावेत जाऊन बसले होते. नाव जमिनीवरच होती, पण ते बसले होते. मांडीवर अनारशांचा डबा. त्यांना तसं पाहिलं आणि माझ्या मनात काटा रुतला. मी तीन थरांत. हा शहात्तर वर्षांचा माणूस सुती सदऱ्यात. जगाला काय तोंड दाखवू? रद्द.

आप्पा म्हणाले, म्या ह्याच पाण्यात म्हशी धुतल्यात, जावईबापू. मी समजावून सांगितलं की म्हशीला नैसर्गिक थर असतो. त्यांनी मान डोलावली. टेपनं त्यांची मापं घेतली. पोट मोठा आकार, पाय लहान मुलाचा. धोतर वरून नेसता येईल का, एवढं त्यांनी विचारलं. येईल म्हणालो.

स्वतःला विचारलं : मी निमित्त शोधलं का? पंधरा मिनिटं विचार केला. नाही. उलट आप्पांचा जीव वाचवला.

१५ जानेवारी, संक्रांत
पहाटे मापलं. एकोणीस! पहिल्यांदाच धरण तक्त्यातल्या सूटच्या ओळीत बसलं, तेही दुरुस्तीशिवाय. आनंदाच्या भरात काठावर दोन फेऱ्या मारल्या. मग सचोटी आडवी आली. दुरुस्ती सगळ्या ऋतूंना सारखीच लावली पाहिजे, नाहीतर ते शास्त्र कसलं? एकोणीस वजा दहा, नऊ. दहाच्या खाली ड्रायसूट. ड्रायसूट आपल्याकडे नाही.

आप्पांना सांगितलं. ते पाच मिलिमीटरच्या नव्या सूटवर धोतर नेसून तयार होते. पलीकडून छबुआत्यांनी तिळगूळ धाडलाय, सिदूच्या तराफ्यावरून. तो त्यांनी मला अर्धा दिला. म्हणाले, गोड बोला. मी बोललो. ते धोतर सोडायला आत गेले.

आत्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलंय, असं सिदू सांगत होता.

११ फेब्रुवारी
नाव गोठ्यात ओढलेली, नावेत कडबा. अजिनाथच्या दोन म्हशी तोंड घालून खात होत्या. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, दाजी, गव्हाण फुटली हाय, आन ही तर मोकळीच पडलीय, आकितीपतूर तरी वापरू द्या. अक्षय तृतीयेला रिकामी करून देईल. शिडाची पेटी मात्र उघडली गेली. शीड कडब्याच्या गंजीवर आहे. पाऊस नसताना. वारा भरला की गंजी थोडी हलते. शीड चांगल्या प्रतीचं असल्याचं सिद्ध झालं.

४ मार्च
आज धक्का. करडईची काढणी चालू आहे. करडईला नखशिखांत काटे. लोक पायाला पोती बांधून काढतात. आप्पा पाच मिलिमीटरच्या सूटमध्ये, अजिनाथ माझ्या तीन मिलिमीटरच्या. दोघंही काळे कुळकुळीत, हातात विळे. रस्त्यावरून जाणारी ट्रॅक्टरवाली माणसं थांबून बघत होती.

आधी राग आला. क्रीडासाहित्याचा गैरवापर. मग आप्पांना विचारलं. ते म्हणाले, चाळीस वर्सांत पैल्यांदा एक काटा लागला न्हाई, लई झ्याक वस्तू आनली तुमी. म्हणजे निवड अचूक होती. पाणी तेवढं बाकी आहे.

१४ एप्रिल
पाणी बाकी आहे, पण मागे गेलंय. काठ शेतापासून सहाशे पावलं. उघड्या पडलेल्या गाळात लोकांनी गाळपेर केली आहे. पलीकडच्यांची टरबुजं, अलीकडच्यांची काकडी. मधलं पाणी आता फार तर चारशे मीटर. अजिनाथ म्हणाला, थांबा अजून, मंजी नाव लागायचीच न्हाई. त्याला विनोद वाटला. मला वेगळं दिसतं : अंतर कमी म्हणजे जोखीम कमी. वाट पाहण्याचा हा फायदा कोणी लक्षात घेत नाही.

९ मे
उद्या अक्षय तृतीया. उद्या जायचंच. पाणी एकतीस. दुरुस्तीनंतर एकवीस. तक्ता म्हणतो, हाफ पँट आणि टी-शर्ट. नऊ महिन्यांत पहिल्यांदा मी, तक्ता आणि हवा एकमतावर आलो. पण एकवीस आणि वीस यांत फरक एकाच अंशाचा. थर्मामीटरची चूक धरली तर शंका. शंका आल्यास जाड. तीन मिलिमीटरचा करडईच्या काट्यांमधून सोडवून, धुऊन ठेवला.

१० मे, अक्षय तृतीया
जसं झालं तसं लिहितो.

सकाळी आठला सूट चढवला. एकोणीस मिनिटं. विक्रम. अजिनाथला नाव रिकामी करायला सांगितलं. तो म्हशी सोडतोय तोवर काठ बघून यावा म्हणून निघालो. गाळात शंभर पावलं गेलो आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. पाठीमागची चेन काट्यांमुळे अडकलेली. ऊन वर आलं. हाक मारली, पण नवीन चिखलात बेडकं होती आणि ती जास्त मोठ्यानं.

तेव्हा समोरून एक म्हातारी येताना दिसली. लुगडं गुडघ्यावर खोचलेलं, डोक्यावर पाटी, पाटीत टरबुजं. अनवाणी. मधल्या पाण्यातून चालत आली. पाणी तिच्या घोट्यांच्या थोडं वर. गाळ कुठं घट्ट आहे हे पायाला विचारत येत होती. माझ्यापाशी थांबली. डोळे बारीक करून बघितलं. म्हणाली, बोलतंय व्हय हे.

छबुआत्या. वय ऐंशीच्या पुढं.

मी जावई असल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पलीकडून सनासुदीला काळं उभं दिसायचं ते तुमी व्हय. आमी म्हनायचो, माझ्या भावानं, उत्तऱ्यानं बुजगावनं लावलंय. पन पिकाकडं पाठ करून पान्याकडं तोंड कावून लावलंय, त्ये कळंना.

पाटी खाली ठेवून त्यांनी चेन दाताला धरून एका झटक्यात उघडली. मग मला काखेत धरून ओढलं. मी सूटमधून निघालो. सूट गाळातच उभा राहिला.

आप्पा नावेत बसले होते. नाव गोठ्यातच होती. आत्या त्यांच्यासमोर दुसऱ्या फळीवर जाऊन बसल्या. त्यांनी भावाच्या तोंडावरून हात फिरवला, डोळ्यांना कमी दिसतं म्हणून जरा जास्त वेळ. मग विचारलं, बे उत्तऱ्या, सिदू रोज बोलवत होता, आला कावून न्हाई? आप्पा म्हणाले, जावयानं शब्द दिलता, आक्का. गेलो आसतो तर त्येंचा अपमान झाला आसता. पाव्हण्याचं मन मोडावं का?

मी दाराशी उभा होतो. आंघोळ करायची होती. त्यांना मी दिसलो नाही.

हा विश्वास नव्हता. नऊ महिने ती रीत होती. मी स्वतःला इतके प्रश्न विचारले, आत्यांचा हा एक आप्पांना विचारला नाही.

दोघांनी टरबूज नावेच्या कडेवर आपटून फोडलं. साली म्हशींना.

दुपारी तक्त्यात नवी ओळ घातली. ऋतू : उन्हाळा. पाणी : घोट्याच्या वर. थर : एक, लुगडं, खोचलेलं. दुरुस्ती : लागत नाही.

संध्याकाळी अजिनाथनं विचारलं, गाळातला सूट काढून आणू का, दाजी. सुरेखा म्हणाली, राहू द्या, काकडीवरची पाखरं उठलीत.