ब्राउझरला हात लावू नये

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, एका दैनिकात एकतीस वर्षे मुद्रितशोधन करून निवृत्त झालेली, हे मृत्युपत्र स्वतः टाइप करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे. दडपण कोणाचेही नाही. वैताग मात्र आहे, त्याचे कारण कलम चारमध्ये येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. कुठे सापडलेच तर ते खोटे समजावे.

एक. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात पतींनी ते हयातभर वापरावे. त्यांच्यानंतर मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे. बँकेतली ठेव पतींची.

दोन. पतींचे घड्याळदुरुस्तीचे दुकान सात वर्षांपूर्वी नजर अधू झाल्यामुळे बंद झाले. त्यांचे चिमटे, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि डोळ्याला लावायचे भिंग ही माझी मालमत्ता नाही, म्हणून ती मला कोणाला देता येत नाही. ती पेटी माळ्यावर टाकली तर कपाटात केवढी जागा होईल, हा विचार ज्यांच्या मनात येतो त्यांनी (सूनबाई, वाचते आहेस ना?) तो सोडून द्यावा.

तीन. माझा ब्लॉग मुलीला. दुकानात आलेली घड्याळे आणि ती घेऊन येणारी माणसे यांच्या दोनशे चौदा हकिगती त्यात आहेत. हे सांगतात, मी लिहिते. 'मागची हकिगत' आणि 'पुढची हकिगत' ही दोन मोठी बटणे मी स्वतः बसवली. त्यासाठी सहासष्टाव्या वर्षी कोड शिकले. ती काढू नयेत. जाहिराती लावू नयेत. 'स्पष्टवक्ता' या टोपणनावाने दर हकिगतीखाली चुका काढणाऱ्या गृहस्थांची प्रतिक्रिया छापावी, उत्तर देऊ नये. त्यांच्या अडतीस दुरुस्त्यांपैकी दोन बरोबर होत्या. कोणत्या, ते मी त्यांना कळू दिलेले नाही.

चार. संगणक पतींना, आणि त्यातला ब्राउझर आहे तसा. तो उघडला की थेट ब्लॉग उघडतो. अक्षरे बोटाच्या पेराएवढी, पान पिवळे. मध्येच उडी मारणाऱ्या खिडक्या बंद. वरची पट्टी लपवली आहे, कारण तिथे चुकून क्लिक झाले की होते ते सगळे गायब. वरच्या रांगेतल्या एका कीवर शर्टाचे बटण चिकटवले आहे. यांच्या बोटांना ते न बघता सापडते, आणि दाबले की पान मोठ्याने वाचले जाते. हे जमवायला मला चार महिने लागले.

मागच्या सुट्टीत मुलगा राहून गेला. त्यानंतर हे रोज सकाळी नेहमीसारखे हेडफोन लावून बसत. मला वाटले, ऐकत आहेत. नवव्या दिवशी चष्मा शोधत मागे गेले, तर पडद्यावर कोरे पान! मी मुलाला फोन केला.

"आई, केवढा कचरा होता त्यात! सगळं रीसेट करून दिलंय. आता बघ, कसं पळतंय."

"आणि बटण?"

"ते कीबोर्डला चिकटलेलं? फेकलं की."

यांना विचारले, "अहो, नऊ दिवस नुसते बसून होतात? हाक मारायला काय झालं होतं?"

"पोरगा हौसेनं करून गेला. म्हटलं, कशाला बोलायचं."

सगळे मी पहिल्यापासून पुन्हा बसवले. सबब, पतींच्या हयातीत जो कोणी या ब्राउझरवर रीसेट, सुधारणा किंवा साफसफाई करील, त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्या भावंडाकडे जाईल. वकील म्हणाले, "बाई, ही अट कोर्टात टिकायची नाही." मी म्हटले, "कोर्टात कशाला टिकायला हवी? फोनवर वाचून दाखवता आली की झालं."

पाच. वरील कलम मी तीन दिवसांपूर्वी पतींना वाचून दाखवले. त्यावर झालेले बोलणे इथे नोंदवणे भाग आहे.

"छान आहे गं. फक्त ते पिवळं..."

"काय पिवळं?"

"त्यात अक्षरं पोहतात. काळ्यावर पांढरी बरी दिसली असती."

"सहा वर्षं पिवळं आहे ते! तोंडाला कुलूप होतं का?"

"तू एवढी खटपट केलीस. म्हटलं, राहू दे."

"अजून काही राहू दिलंय? आत्ताच सांगा. हे मृत्युपत्र आहे, पुन्हा पुन्हा छापायचं नाही मला."

मग म्हणाले, "ती संगणकातली वाचणारी. सगळं एका सुरात वाचते. माझी गिऱ्हाइकं तिच्या तोंडी गेली की ओळखू येत नाहीत. आत्ता तू कलम वाचलंस ना, तसं हवं."

एका घरात दोघे जण, आणि ब्राउझरवरून वैतागायला मी एकटी. असो. कलम चारमधील 'पिवळे' हा शब्द रद्द समजून तेथे 'काळे' वाचावे. पान बदलले आहे. रंग व अक्षर बदलण्याचा हक्क पतींना आहे, इतर कोणालाही नाही.

सहा. हकिगती आता मी स्वतः वाचून ध्वनिमुद्रित करून ब्लॉगवर चढवत आहे. शर्टाचे बटण (नवे, चार भोकांचे) दाबले की माझा आवाज येईल, अशी सोय केली आहे. आजवर तीन झाल्या. घसा एका दिवसात एकीपेक्षा जास्त साथ देत नाही, आणि दोनशे अकरा बाकी आहेत. तेवढ्या पुऱ्या होईपर्यंत हे मृत्युपत्र अंमलात आणण्याची घाई कोणी करू नये. मीही करणार नाही.

स्थळ : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : ९ मार्च २०२६
सही : (करून देणार)

साक्षीदार :
१. वरच्या मजल्यावरचे शिंपी. बटण यांनीच दिले.
२. आमचे डॉक्टर. घसा तपासून सही केली.

पती लाभार्थी असल्यामुळे साक्षीदार होऊ शकत नाहीत. ते शेजारी बसून चौथी हकिगत कधी, असे विचारत आहेत.