पाठीवरच्या वाकड्या पट्ट्या

धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद. तुझी कंबर आणि मुलांचे अभ्यास दोन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो.

एकशे बारा खुर्च्या, एकोणीस कपाटं, तीन जिने, आईची काठी आणि तू हे पत्र ज्यावर ठेवून वाचत असशील ते टेबल, एवढं या दोन हातांनी केलं. कुणाकडे शिकायला न जाता, आणि कुठल्या सांध्यात कागद शिरणार नाही असं. (टेबल डगमगत असेल तर फरशी तपास.) त्या हातांना आता माझ्याच कारखान्यात बंदी आहे.

बावीस वर्षं लाकडाच्या भेगा मी त्याच रेझिनने भरतोय, ते घट्ट करायला त्यात तोच हार्डनर कालवतोय. एक पुळी आली नाही. गेल्या महिन्यात बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, मग फोड, मग सालपटं. त्वचेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कसली तरी ॲलर्जी. मी विचारलं, बावीस वर्षं ही बया कुठे झोपली होती? त्यावर म्हणाल्या, "शरीर आधी नुसती ओळख ठेवतं. मग एके दिवशी वैर धरतं, आणि एकदा धरलं की सोडत नाही." मला आपली आत्या आठवली. वीस वर्षं गुण्यागोविंदाने येत होती. एकदा चहा दुसऱ्यांदा विचारायचा राहिला, तेव्हापासून फोनवर आपला आवाज ऐकला तरी तिचं डोकं उठतं. शास्त्र मला कळलं. पण आत्या परवडली, तिच्या हातात माझी करवत नव्हती.

नेमकं कशाचं वैर ते शोधायला त्यांच्या नर्सने माझ्या पाठीवर यादीच्या क्रमाने दहा पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येकीत एकेक संशयित पदार्थ. दोन दिवस हात लावायचा नाही, पाणी नाही. घरी येऊन आरशात पाहिलं तर तिसरी अर्धं बोट खाली, सातवी कलंडलेली! असली रांग अंगावर घेऊन मी दोन दिवस हिंडू? तुझ्या वहिनीला सगळ्या सोडवायला लावल्या आणि गुण्या धरून काटकोनात पुन्हा चिकटवून घेतल्या. (तिने हात जोडले होते. मी ऐकलं नाही.) इतकी सरळ रांग त्या दवाखान्याने जन्मात पाहिली नसेल. क्रम मात्र तिने पाळला नाही, हे मी तिला अजून सुनावतो.

चौथ्या जागी लाल चट्टा उठला. यादीत चौथं सुगंधी द्रव्य. मग काय, मी घरातले साबण, पावडर, शाम्पू, तेल झाडून बाहेर काढले. वहिनी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. आणि हार्डनर निर्दोष सुटला म्हणून मी तो उघड्या हातांनी, मोठ्या प्रेमाने कालवला. दुसऱ्या दिवशी डोळे उघडेनात. तोंड असं सुजलं की शेजाऱ्याने मलाच विचारलं, दादा घरात आहेत का?

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पट्ट्या कुणी हलवल्या का? मी मान ताठ केली. वहिनी म्हणाली, "यांनी. गुण्या लावून." बाईंनी पेन उचललं आणि चौथ्या जागेवरचा शेरा आडवा खोडला.

सूज उतरल्यावर पुन्हा पट्ट्या, पुन्हा वाकड्या. वहिनीने आरसा भिंतीकडे फिरवला. हार्डनरच निघाला. आता जन्मभर त्याला शिवायचं नाही. हातमोज्यांवर भरवसा नाही, वाफही नको, माल पुरता सुकेपर्यंत खोलीत पाऊल नको. संताप कुणावर काढू? माझंच कातडं, मला न विचारता!

असो. सगळ्यांना सांभाळ.

तुझा,
दादा

ता. क. एका वाचनालयाचं आठ फुटी टेबल मधल्या भेगेवर अडून बसलंय. कड वाकडी मारलीस म्हणून सहा वर्षांपूर्वी मी तुला चारचौघांत कारखान्यातून घालवलं. ती फळी मी ठेवली होती, परवा तिची कड पुन्हा मोजली. जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच, वाकडी होती. त्यात लाकूड ओलं. रेझिन ओतायला सरळ हात लागत नाही, शांत लागतो, आणि तो आपल्या घरात तुझाच आहे. येशील का? मी दाराबाहेर उभा राहीन. बोलणार नाही. (प्रयत्न करीन.)

ता. क. दुसरा. बाजारातल्या मोठ्या फर्निचरवाल्याने मला नुसतं खुर्चीत बसून देखरेख करायला बोलावलं होतं. तुला विचारण्याआधीच मी त्याला सांगून बसलो, ओतायला माझा भाऊ येतोय, मला जमणार नाही. महिना पंचेचाळीस हजार देत होता.