तुझ्या जुन्या फोनचं कुलूप

प्रिय खारूताई,

पत्र पाहून दचकू नकोस, इथे सगळं ठणठणीत आहे, माझे गुडघेसुद्धा. हाताशी फोन असताना आई पत्र का लिहितेय, असं तू जावईबापूंना विचारशीलच. फोनवर तू रडलीस की मी विरघळते, आणि या वेळी मला विरघळायचं नाही, म्हणून. गेले कित्येक दिवस तू एकच विचारतेस, आई, कायमची राहायला कधी येतेस? माझ्या खोलीला रंग दिलास, पडदे लावलेस, बाळाचा पाळणा माझ्या पलंगाशेजारी सरकवलास. उत्तर याच पत्रात आहे. पण आधी फोनची गोष्ट ऐक, नाहीतर ते उत्तर तुझ्या गळी उतरायचं नाही.

तू नवा घेतलास तेव्हा मला दिलेला हा जुना फोन. कोपऱ्याला तडा गेलाय, बाकी गुणी आहे. त्यात मला दुसऱ्या कंपनीचं कार्ड घालायचं होतं. नाक्यावरच्या दुकानातून नवं कार्ड आणलं आणि सुईने फोनचा कप्पा उघडला. (हॉस्पिटलच्या शिवणखोलीत उभा जन्म काढलेल्या बाईला सुई शोधावी लागत नाही.) कार्ड बसवलं, तर फोन म्हणतो, हे चालणार नाही. मी तडक दुकानात. खराब कार्ड गळ्यात मारलंत म्हणून दुकानदाराला चारचौघांत झापलं. त्याने शांतपणे तेच कार्ड स्वतःच्या फोनमध्ये घातलं आणि माझ्यासमोर मेव्हण्याशी गप्पा मारून दाखवल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! मग म्हणाला, मावशी, हा फोन हप्त्यावर घेतलेला, त्याला त्या कंपनीचं कुलूप असतं, दुसऱ्या कंपनीचं कार्ड तो घेणारच नाही. द्या इकडे, केबल लावून उघडून देतो, आतलं सगळं पुसलं जाईल तेवढं. आतलं म्हणजे बाळाची पहिली आंघोळ, आणि तू तोंड उघडं टाकून झोपलेली! मी फोन त्याच्या हातातून काढूनच घेतला. ज्याने कुलूप लावलं, किल्ली त्याच्याचकडे असणार ना?

जुनं कार्ड परत घालून मी कंपनीच्या ऑफिसात गेले. काउंटरवरच्या मुलीने आधी मला नवा फोन विकून पाहिला. मी म्हटलं, बाळ, मशीन जुनं झालं तरी टाका सरळ पडतोय ना, मग भंगारात कशाला? ती हसली आणि कामाला लागली. काही आकडे दाबून फोनचा स्वतःचा लांबलचक नंबर काढला, संगणकात घातला. हप्ते केव्हाच फिटलेत, म्हणाली, कुलूप फुकटात निघेल, फोनमधलं काही जाणार नाही. फक्त खातं तुमच्या मुलीच्या नावावर आहे, तिचा होकार लागेल. तिने तुला मेसेज पाठवला आणि मी खुर्चीवरून उठायच्या आत तुझा हो आला. पाठोपाठ मला विचारलंस, काय गं, कंपनी बदलतेस? मी लिहिलं, हो, रेंज येत नाही. तू अंगठा पाठवलास आणि कामाला लागलीस.

दोन दिवसांनी कंपनीचा निरोप आला. फोन बंद केला, नवं कार्ड घातलं, चालू केला, आणि वर कोपऱ्यात नव्या कंपनीचं नाव उमटलं. फोटो जागच्या जागी. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या. तुझे बाबा गेल्यापासून बिघडलेली प्रत्येक वस्तू मी तू येईपर्यंत बाजूला ठेवत आले. हे मात्र मी निस्तरलं. फार बरं वाटलं बघ.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? घरात रेंज उत्तम येते. येत नाही ती डोंगरावरच्या निवासी शाळेत, तिथे फक्त या नव्या कंपनीची लागते. तिथे शिवणवर्गाला बाई हवी होती. मी वर जाऊन आले. मुख्याध्यापिकांनी माझी काजं उलटून पालटून पाहिली आणि कधीपासून येता एवढंच विचारलं. पुढच्या सोमवारी रुजू होतेय. राहायला खोली आहे, खिडकीखाली मशीन आहे, आणि रोज सदऱ्यांची नवी कोपरं फाडून आणणारी पोरं आहेत. तुझ्याकडे राहायला मी येणार नाही, खारू. बाळावर माझा जीव आहे, नोकरी आणि घर करताना तुझी किती ओढाताण होतेय तेही दिसतं. प्रत्येक सुट्टीत येईन, पडदे काढू नकोस. पण हातात अजून काम आहे तोवर मला माझ्या कामाच्या जागी राहायचंय. त्या दिवशी तू हो म्हणालीस तेव्हा कशाला म्हणतेस ते तुला ठाऊक नव्हतं, म्हणून आता सगळं सांगून पुन्हा विचारते. जाणार तर मी आहेच, पण तुझा हो घेऊन चढले तर चढ सोपा जाईल. नवा नंबर पाकिटाच्या मागे लिहिलाय. त्यावर अजून एकही फोन आलेला नाही, पहिला तुझा येऊ दे. रडलीस तरी चालेल.

तुझीच,
हट्टी आई