खाली ठेवलेला चाकू

बाबा,

अकोल्याची ती काल दुपारी माझ्या घरी आली आणि दोन तास बसून गेली. ती आली नसती तर मी हे लिहिलं नसतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायला मी कधी बसले नाही. मला असली हौस नाही. पण काल ती जे बोलली त्याचं उत्तर मला तिला देता आलं नाही, आणि ते ज्याला द्यायचं तो माणूस तुम्हीच.

ती म्हणजे अकोल्याच्या जिनातल्या, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यातल्या, मिस्त्रींची मुलगी. तुम्ही अमरावतीच्या जिनात फिटर होता. कापसाचा हंगाम संपून यंत्रं थांबली की पावसाळ्याचे चार महिने तुम्ही अकोल्याला यंत्रदुरुस्तीच्या कामावर जायचात आणि त्या मिस्त्रींच्या घरी राहायचात. म्हणजे वर्षातले चार महिने माझे वडील तिचे असत. मी तेव्हाही हे असंच मोजायचे आणि आजही असंच मोजते.

तुमचे जुने घडीचे चाकू कालपर्यंत माझ्याकडे होते. त्याच लोखंडी पेटीत, तेलाच्या फडक्यात. पहिला तुम्ही लढाईवरून आणला होता, पलटणीतला, काळ्या मुठीचा. बाकीचे जमवलेले. कुठला चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगातून, कुठला वलगावच्या एका म्हाताऱ्या सैनिकाकडून, एक चिखलदऱ्याच्या बंगल्यावर खानसामा असलेल्या माणसाकडून. माय म्हणायची, "लोकं देव जमवतात, तुमी चाकू जमवून राह्यले. पोलीस येतीन एक दिवस." पण तुम्हाला चाकूच्या मोठ्या पात्याशी काही कर्तव्य नव्हतं. चाकूच्या पाठीत आणखी एक टोकदार पातं दुमडलेलं असतं, चामड्याला भोक पाडायचं. तुम्ही त्याला आरी म्हणायचात आणि आधी तीच उघडून बघायचात. तुमच्या कामात तिचीच गरज होती. यंत्राचा चामडी पट्टा तुटला की टोकांना भोकं पाडून तो चामड्याच्या वादीनं जोडायचा, हे काम तुमचं. शाळेच्या फॉर्मवर मी वडिलांचा धंदा 'पट्टेवाला' असा लिहिला होता, तर आमच्या बाईंनी विचारलं, "कोणत्या कचेरीत?" घरी सांगितलं तेव्हा तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात.

रविवारी सकाळी तुम्ही ओसरीवर बसता. समोर पट्ट्याचा एक लांब तुकडा. प्रत्येक चाकूच्या आरीनं त्यात एकेक भोक पाडता, खाली खडूनं खूण करता आणि तुकडा उन्हात धरता. पलटणीच्या चाकूची आरी म्हणजे नुसती गोल सळई, तिला धारच नाही. ती चामडं बाजूला सारते, कापत नाही, म्हणून तिचं भोक पुन्हा मिटतं. तिकोनी आरीला एका कडेला धार असते, ती आत घालून पिळायची. एका आरीला सुईसारखं नेढं आहे, दोरा ओवायला. आरी मुठीच्या टोकाला बसवलेली असली तर जोर देताना ती बोटांवर मिटते, आणि पाठीच्या मधोमध बसवलेली असली तर अख्ख्या मुठीचा जोर लागतो. हे सगळं मी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकलं आहे. तुम्ही मला सांगत नव्हता असं नाही. पण सांगून झालं की म्हणायचात, "अकोल्याची पोरगी त डोये मिटून भोकावर बोट फिरवते अन् सांगते, हे कोन्या चाकूचं. एक नाई चुकत."

हे वाक्य तुम्ही किती वेळा म्हणालात ते तुम्हाला ठाऊक नसेल. मी वर्गात पहिली यायचे. ते तुम्ही एकदा म्हणालात, आणि तेही मायला. एका दुपारी घरात कोणी नसताना मी पट्ट्याचा तो तुकडा काढला, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. आठांपैकी तीन ओळखता आली. मी तुकडा जागेवर ठेवला आणि भूमितीचं पुस्तक उघडलं.

मग चांदूर बाजारचा तो चाकू आला. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतरचं दुसरं वर्ष होतं, मी मॅट्रिकला होते. दीक्षा घेतल्यावर तुम्ही घरातल्या सगळ्या जुन्या समजुती बाहेर काढल्या होत्या. मांजर आडवं गेलं तरी थांबायचं नाही, अमावास्येला प्रवास करायचा, दारातली मिरची-लिंबू काढून फेकायची. मायनं सगळं ऐकलं, एक सोडून. चाकू, मीठ, मिरची कोणाच्या हातात द्यायची नाही, खाली ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायची. हातात दिली तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, असं ती म्हणायची. त्या संध्याकाळी तुम्ही बाजारातून आलात, मला हाक मारलीत आणि मायच्या देखत म्हणालात, "हात कर व पुढं. घे. हातातच घे. पाहू कोनतं भांडन होते त."

शिंगाची मूठ, पिवळी पडलेली. पाठीच्या मधोमध आरी, आणि ती पन्हळीसारखी वळवलेली, टाकाच्या निबासारखी. दोन्ही कडांना आतून धार. तुम्ही पट्ट्यावर चालवून दाखवलीत. भोक असं पडलं की चामड्याची गोल टिकली निघून तळहातावर पडली. तुम्ही म्हणालात, असली आरी तुम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. चाकू अजून माझ्या हातात होता. मला वाटलं, हा माझा. तेव्हा तुम्ही म्हणालात, "पंधरा दिवसानं अकोल्याले जाऊन राह्यलो. तिले देतो हा. तिले कयंन याची किंमत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडावर ती आरी घासली. तुम्ही कामावरून आलात तेव्हा मी सांगितलं, "धार लावून देत होते, नेण्याआधी." तुम्ही चाकू उजेडाला नेलात. आरीच्या आतून अंगठा फिरवलात, मग बाहेरून, मग पुन्हा आतून. बराच वेळ. मी तुमच्या पाठीकडे बघत होते. तुम्ही वळलात आणि मला म्हणालात, "काहून घासली व माय?" मी तेच उत्तर पुन्हा दिलं. तुम्ही चाकू मिटलात. मायकडे बघून म्हणालात, "तूच खरी. माहीच चूक झाली. हातात द्याले नाई पाहिजे होता." माय म्हणाली, "मी सांगत होती ना!" आणि चार दिवस खुशीत होती. मी आठ दिवस तुमच्याशी बोलले नाही. रागावले होते मीच, तुम्ही नव्हे.

त्या दिवसापासून तुम्ही मला कुठलाही चाकू हातात दिला नाहीत. भाजी चिरायची सुरीसुद्धा नाही. खाली ठेवायचात, हात मागे घ्यायचात आणि म्हणायचात, "ठेवला." तुमचे जिनातले सोबती घरी येत, हे बघत आणि हसत. "कावून बुवा, दीक्षा घेतली अन् चाकू भुईवर ठेवता?" तुम्ही म्हणायचात, "एक समज राह्यली असंन आतमंदी, सापडून नाई राह्यली." मी तोवर कॉलेजात जात होते. तर्कशास्त्र हा विषय होता माझा. त्याच ओसरीवर उभं राहून मी तुम्हाला कार्य आणि कारण समजावून सांगितलं होतं, आठवतं? दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी घडली असं होत नाही, असं. तुम्ही मान हलवत सगळं ऐकलंत, आणि मग पेरू कापायला चाकू माझ्यासमोर खाली ठेवलात. मला तुमची लाज वाटली. आणि त्याच पावसाळ्यात मी एकदा तुमच्याबरोबर अकोल्याला आले, तेव्हा पाहिलं की तिथे तुम्ही चाकू सरळ तिच्या हातात देता. पातं स्वतःकडे, मूठ तिच्याकडे. ती न बघता घेते. तेव्हा लाजेच्या जागी दुसरंच काही आलं, आणि ते मी आजपर्यंत कोणाला दिसू दिलेलं नाही.

तिला मिस्त्रींनी सातवीतून काढलं. पुढे तिनं अकोल्यात वह्या-पुस्तकांना बाइंडिंग करायचं दुकान चालवलं. मी मुख्याध्यापिका झाले. तुम्ही गेलात तेव्हा ती आली होती, दारात उभी राहून रडली, आणि तिचं रडणं माझ्यापेक्षा मोठं होतं याचाही मला राग आला. चाकूंची पेटी मी घेतली. तिनं मागितली नाही.

काल ती आली ती नातवाच्या आधारानं. दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही. नातू खाली रिक्षात थांबला. तिनं पिशवीतून पट्ट्याचा तुकडा काढला. तुम्ही तो तिच्याकडे विसरला होता की दिला होता ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. म्हणाली, "बाई, तुमच्यापाशी ते चाकू असतीन ना? एकडाव हात लावू द्या. डोये गेले माहे, आता हातानंच पाहतो." मी पेटी आणली. नाही म्हणायला कारण सापडेना.

तिनं एकेक आरी उघडली, अंगठ्यानं चाचपली, आणि तुकड्यावरचं तिचं भोक शोधून त्यात घातली. एक नाही चुकली. इतक्या वर्षांनी, आंधळी होऊन, नाही चुकली. मी समोर बसून चहा थंड होताना बघत होते आणि मनात मॅट्रिकच्या वयाची होते. मग शिंगाच्या मुठीचा तो हातात आला. ती थांबली. आतून अंगठा फिरवला, मग बाहेरून. तुमच्यासारखाच.

"हे बिघडवेल हाय," ती म्हणाली.

"धार लावताना चुकून घासली गेली," मी म्हणाले. जिभेवर तेच उत्तर होतं, तयार.

"चुकून घासलेली आरी एका अंगानं झिजते. हे आतूनबी घासली हाय, बाहेरूनबी. टोक त सपाट केलं हाय. कोनीतरी बसून घासली हाय, जीव लावून." मग तिनं चाकू मिटला आणि पहिल्यांदाच मला 'तू' म्हणाली. "तूनंच ना व?"

मी आयुष्यभर मुलींना खोटं बोलण्याबद्दल वर्गाबाहेर उभं केलं आहे. मी म्हणाले, "हो."

ती हसली. दात नाहीत तिला. "मले मालूमच होतं. माह्यासाठी आनणार होते ना तो. त्याइनं सांगतलं होतं मले, आनतो म्हनून, अन् मंग आलाच नाई." मी विचारलं, बाबांना कळलं असेल का. तेव्हा तिनं माझ्याकडे तोंड केलं, जसं काही तिला दिसत होतं.

"मले भोकावरून आरी ओयखाची त्याइनंच शिकवली, अन् त्याइले नाई कयलं म्हनतं? मी एकडाव इचारलं होतं त्याइले, काकाजी, मले हातात देता अन् घरी पोरीपुढं खाली ठेवता म्हनतात, हे काय? त म्हने, मी कायले मानतो व ते? पोरीवर बोल येन्यापेक्षा माह्यावर हसले त बरं." ती पुन्हा चाकू चाचपू लागली. "मले त हातात देत. माह्याशी भांडन झालं असतं त काय जात होतं त्याइचं? लय राग ये मले तुह्या."

म्हणजे ती माझ्यावर जळत होती. इतकी वर्षं, अकोल्यात बसून, माझ्यावर. खाली ठेवलेल्या चाकूसाठी. हे कळल्यावर मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं, पण थोडंच. कारण ते वाक्य तुम्ही तिला सांगितलंत. मला नाही. मला सांगितलं असतंत तर मी खरं बोलले असते का, हा प्रश्न मी काल रात्रीच्या जेवणापासून आज सकाळपर्यंत स्वतःला विचारला. नसते बोलले. पुन्हा कार्य आणि कारण सांगितलं असतं. तुम्ही घरातल्या सगळ्या समजुती बाहेर काढल्या होत्या, आणि माझं एक खोटं झाकायला त्यातली एक परत आत घेतलीत, सोबत्यांचं हसणं सोसलंत, माझं व्याख्यान सोसलंत. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून एवढं लिहिता येतं.

नोंद करून ठेवते. घडीचे जुने चाकू अकरा, तेलाच्या फडक्यासकट, लोखंडी पेटीसकट, अकोल्याला दिले. एकेक करून दिले. खाली ठेवला नाही, हातात दिला, मूठ तिच्याकडे करून. भांडण झालं नाही. पट्ट्याचा तुकडा तिचा तिच्याकडेच गेला.

बारावा, शिंगाच्या मुठीचा, मी ठेवून घेतला आहे. तिनं तो दोनदा मागितला. मी म्हणाले, बिघडलेला आहे, काय करणार तुम्ही त्याचं. खरं कारण ते नव्हतं. तो तिला मिळू नये असं मला अजून वाटतं.