आमच्या मागाची बंदूक

सोम. ३ नोव्हें.
बंदूक पास! पुण्याहून गेम कंपनीच्या सरांचा फोन, "विजय, असला आवाज कुठल्याच गेममध्ये नाही." नसणारच की. आमच्या घरच्या यंत्रमागाचा आवाज आहे तो, खालच्या शेडमध्ये टॉवेल विणतो तो. आता गेममध्ये वेळ हळू करायचं बटण आलंय. ते दाबलं की गोळ्या हवेत रांगतात. दुसरं दाबलं की आठ सेकंद मागं. मेलास तरी परत उभा.
संध्याकाळी कौसरचा मेसेज. ती गेम खेळून चुका काढते, विजापूर वेशीत राहते. "भाई, तुमारी बंदूक में कोई औरत बोलरी." मी लिहिलं, कान साफ कर.

मंगळ. ४
कौसरचे कान साफ आहेत.
वेळ हळू केली, शत्रूनं गोळीबार केला. ठक्... ठक्... आणि दोन ठोक्यांच्या मध्ये बाईचा आवाज. जाड, लांबट. शब्द कळत नाहीत. पाच वेळा ऐकलं. कॉम्प्युटर बंद करून अंगणात जाऊन उभा राहिलो.
शेडमध्ये बाई म्हणजे एकच. आई. आणि आई जूनपासून बोलत नाही. लकवा. उजवी बाजू आणि वाचा, दोन्ही गेलं.

बुध. ५
मूळ रेकॉर्डिंग सापडलं. १९ जून, दु. २:४०.
१९ जून. त्याच दिवशी रात्री तिला ॲडमिट केलं.
उघडलं नाही.

गुरु. ६
उघडलं. मागाचा आवाज जेवढा खाली करता येतो तेवढा केला.
आई: "विज्या... आरं हात उचलंना माजा... बघ की जरा..."
मग मी. माझाच आवाज, चिडलेला: "आई! हातानं सांग की! रेकॉर्डिंग चालूय!"
मग नुसता माग. सहा मिनिटं.

देवा रे.

गुरु., दुपारी
लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल. शेडमध्ये कुणी तोंडानं बोलत नाही. मागापुढं ऐकूच येत नाही, म्हणून सगळं हातानं. दोन बोटं ओठाला म्हणजे चहा. मनगटावर बांगडी फिरवली म्हणजे रूपा, माझी बायको. खांद्यावरून वेणी ओढली म्हणजे अक्का, माझी थोरली बहीण. आईनं तीस वर्षं असंच काम केलं, आम्हाला मागापुढं कधी हाक मारली नाही. त्या दिवशी मारली, कारण हातच उठत नव्हता. आणि मी तिला हातानं सांग म्हणालो. मान वळवून बघितलंसुद्धा नसणार. हेडफोन घालून रेकॉर्डरच्या काट्याकडं बघत बसलो असेन.
मला यातलं काहीच आठवत नाही. शपथ. एक शब्द नाही.

शनि. ८
अक्का आली होटगीहून. दर शनिवारी येते, आईची वेणी घालते आणि रूपाला टोमणे मारते. आजही. "त्या दिवशी सकाळी डबा भरून पळाली, सासूच्या तोंडाकडं बगितलं न्हाय. तवाच वाकडं झालं आसंल की." रूपा भाकरी थापत होती.
दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, कधीपासून? मी म्हणालो, आत्ताच, सातच्या सुमाराला. ते म्हणाले, नाही, बरंच आधी सुरू झालंय, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही? तेव्हा सगळ्यांनी रूपाकडं बघितलं. मीपण बघितलं. त्यानंतर महिन्याभरात तिनं शाळेची नोकरी सोडली. आईचं न्हाणंधुणं, भरवणं, सगळं तीच करते. पाच महिने झाले, एकदाही उलटून बोलली नाही.
आज सगळं सांगून टाकणार होतो. अक्का म्हणाली, "तू कशाला मधी पडतुयास? तुजी काय चूक हाय त्यात?" मी चहा प्यायलो. लाज वाटते. लई लाज वाटते.

सोम. १०
गेम उघडून बसलो. आठ सेकंद मागं. आईचे शब्द उलटे फिरतात, मग परत सुलटे. परत मागं. परत. दर वेळी ती तेच म्हणते. दर वेळी बंदूक चालतच राहते. चाळीस एक वेळा केलं असेल. रूपा म्हणाली, "डोळे बघ कसे झालेत तुझे. जेवून घे."

बुध. १२
कौसर: "भाई वो औरत निकाली क्या? शुक्रवार को गेम फायनल करना है." काढली. मागाचा आवाज नव्यानं रेकॉर्ड करून बसवला. सर म्हणाले, फरक कळतच नाही.
म्हणजे आता माझ्याशिवाय कुणालाच कळणार नाही. मूळ फाइलवर बोट ठेवलं होतं. पुसली असती तर संपलं होतं. नाही पुसली. शूरपणा नाही यात, जूनच्या आधीचा तिचा दुसरा आवाजच नाही माझ्याकडं.

शनि. १५, सकाळी
रूपा भाजी आणायला गेली तेव्हा आईच्या कानाला हेडफोन लावला. म्हणालो, "आई, ऐक." ती ऐकत राहिली. "हातानं सांग की" आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. मी पायाशी बसून रडलो. "मला ऐकू आलं नाही गं, आई." खरं की खोटं, माझं मलाच माहीत नाही.
तिनं डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. बराच वेळ. मला वाटलं, झालं, सुटलो.
मग हात उचलला आणि लुळ्या मनगटावर बांगडी फिरवली. रूपा.
मी म्हणालो, "येईल आत्ता." तिनं परत फिरवली. मग खांद्यावरून वेणी ओढली. अक्का. मग हेडफोनवर बोट ठेवलं. मग परत पहिल्यापासून, बांगडी, वेणी, हेडफोन. मला कळत नाही असं समजून सावकाश, लहान पोराला शिकवावं तसं.
तिला सगळं माहीत होतं. पाच महिने टोमणे ऐकत होती ती, आणि सांगायला तोंड नव्हतं.

अकरा वाजले. फाटक वाजलं. दोघी एकदमच आल्यात वाटतं, अक्काचा आवाज जिन्यापर्यंत येतोय, "वांगी आसली आणत्यात व्हय गं?" रूपाचा आवाज नाही.
आई दाराकडं बघतेय.
हेडफोन एकच आहे. स्पीकर जोडतोय.