तुझ्या आजारावरचा लेख

प्रिय दादा,

हे पत्र कुठे धाडणार, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही! ज्या रक्ताच्या आजाराने तुला नेलं, त्यावरच्या माझ्या लेखाकडे कित्येक वर्षं कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. यंदा मात्र जो तो डॉक्टर आपल्या लेखात त्याचा संदर्भ देतोय. आज तर एका डॉक्टरीणबाईंचा फोनच आला.

“तुमचा लेख वाचला होता, म्हणून ऑपरेशनआधीच माझ्या एका छोट्या पेशंट मुलीचा आजार ओळखता आला. वाचली हो पोरगी!”

मी इतक्या जोरात ओरडले की अख्खी प्रयोगशाळा दचकली.

“पण तुम्ही या आजाराच्या मागे लागलात कशा?” त्यांनी विचारलं.

मग मी तुझ्याबद्दल सांगतच सुटले. तू गेल्यापासून पहिल्यांदाच, तुझ्याविषयी बोलताना मी हसत होते.

तुझीच,
चिमणी