ओट्याची उंची

प्रिय मास्तरीणबाई,

मी बरा आहे. पाय दुखतात, पण ते गोदामात दिवसभर उभं राहून. काळजीचं काही नाही. आईचा खोकला थांबला का?

आपल्या सगळ्यांसाठी इकडे बघितलेलं ते घर पुन्हा पाहून आलो. उजेड भरपूर आहे, छोटीला शाळेत चालत जाता येईल. फक्त स्वयंपाकघराचे बारा वाजलेत. ओटा खचलाय, कपाटाची दारं हातात येतात, सिंकखाली ओल आहे. सगळं उपटून नवं करावं लागेल आणि माझ्यात तेवढा दम उरलाय की नाही, कळत नाही.

मिस्त्रीला सोबत नेलं होतं. त्याने विचारलं, "ओटा किती उंच ठेवायचा?"

मी म्हटलं, "नेहमीसारखा."

"तसं नसतं साहेब. स्वयंपाक करणाऱ्याचं कोपर कुठे येतं, त्यावर ठरतं."

लग्नाला अकरा वर्षं झाली, आणि मी हवेत हात धरून तुझं कोपर शोधत उभा. कधी कमरेशी, कधी छातीशी. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

इकडे येण्याबद्दल गेल्या तीन पत्रांत तू काहीच लिहिलं नाहीस. तुझी नोकरी, आईचं आजारपण, सगळं समजतं. विचारून विचारून मीही थकलोय, म्हणून आता विचारत नाही.

एवढंच कर. भिंतीला टेकून उभी राहा, छोटीला जमिनीपासून तुझ्या कोपरापर्यंत दोरा मोजायला सांग आणि तो पाकिटात घालून पाठव. दोरा आला की मालकाला हो म्हणतो.

नाही आला, तर मी आहे त्या खोलीत ठीक आहे. एकट्याच्या चहाला ओटा लागत नाही.

आईला नमस्कार, छोटीला पापा.

तुझाच